जाड फोन

खाणावळीत विभागप्रमुख नाम साहेबांनी दोन्ही फोन टेबलावरच्या मांसाच्या शेगडीशेजारी ठेवले. एक पलीकडच्या कंपनीचा, पातळ. दुसरा त्यांची इंजिनिअर सुन-योंग हिच्या हाताखाली घडलेला, अजून बाजारात न आलेला, जरा जाड.

"उद्या ते तांब्याचं वेटोळं काढ," साहेब म्हणाले. "त्यांच्याइतका पातळ झाला पाहिजे. लोक रूप बघून घेतात."

"मग कार्ड घासायच्या जुन्या मशीनवर पैसे देता येणार नाहीत, साहेब."

"मशीनं बदलतील. तू सोजू ओत."

मोठ्यांचा मान राखायच्या रिवाजाप्रमाणे तिने ती दारू दोन्ही हातांनी ओतली. इतकी वर्षं ती ओतत आली होती आणि साहेब पलीकडच्या कंपनीची नक्कल करत आले होते. त्यालाच ते दूरदृष्टी म्हणत.

जेवण झालं. बिल वरिष्ठानेच द्यायचं. लहानाने दिलं तर मोठ्याचं नाक कापलं जातं. साहेब पाकीट चाचपेपर्यंत सुन-योंग दोन्ही फोन घेऊन गल्ल्यापाशी पोहोचली होती.

तिने पातळ फोन मशीनला टेकवला. मशीन ढिम्म.

"मावशी, नवीन मशीन कधी घेणार?"

"हे मरेल तेव्हा," मालकीण म्हणाली. "तुझी कंपनी फुकट देत असेल तर उद्या."

मग तिने जाड फोन टेकवला. कर्रकर्र करत पावती बाहेर आली. तोवर साहेब मागे येऊन उभे राहिले होते.

"माझ्यादेखत बिल तू दिलंस?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"दिलं. आणि वेटोळं मी काढणार नाही. काढायचंच असेल तर आधी मला काढा."

तिने पावती त्यांच्यापुढे धरली, एकाच हाताने.