हलका चाप

माझ्या नवऱ्याचा हात थरथरायला लागला होता आणि त्याचं खापर त्याने रायफलीच्या चापावर फोडलं. स्वतःच्या हाताला दोष द्यायला छाती लागते. लोखंडाला शिव्या घालायला काही लागत नाही.

क्लबात त्याला सगळे मास्तर म्हणतात. एअर रायफलचा नेम कसा धरायचा ते शिकवतो. वर्षातून एकदा, क्लबाच्या वार्षिक कार्यक्रमात, तो माझ्या बोटांतला खडू छऱ्याने उडवून दाखवतो. मी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, खडू कानाशेजारी धरायचा आणि त्याने हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून चाप ओढायचा. लोक टाळ्या वाजवतात. माझ्या धैर्याचंही तोंडभरून कौतुक करतात, जणू मला कुणी विचारलं होतं.

यंदा घरामागच्या बोळात सराव चालू असताना खडू तसाच राहिला आणि माझा हात फुटला. छर्रा कोपराखाली घुसला. डॉक्टरांना सांगितलं, कुंपणाची तार लागली. त्यांनी चिमट्याने छर्रा काढला, माझ्यासमोर बशीत ठेवला आणि हात धुवायला निघून गेले. घरी आल्यावर मास्तरने त्याच हाताला धरून मला भिंतीवर आपटलं. म्हणे मी हलले. मी अजिबात हलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायफल मास्तरच्या खांद्यावर आणि मी मागे, अशी आमची वरात धाकटीच्या दुकानात गेली. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. बाबांचं छऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान आता तीच चालवते. आम्ही दोघी त्या कामाच्या टेबलाखालीच रांगलो, स्प्रिंगा आणि वॉशर घेऊन भातुकली खेळलो. मग ती बंदुकीच्या मागच्या बाजूला राहिली आणि मी लग्न करून पुढच्या बाजूला आले.

तिने चापाला वजनाचा छोटा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि खट् आवाज होईपर्यंत हळू ओढला.

"दीड किलोला सुटतोय," ती म्हणाली. "चांगला आहे की."

"चांगला? ओढताना हात हलतो माझा. हलका कर. मनात आलं की सुटला पाहिजे."

"थोडा करते भाऊजी. पण फार हलका केला तर स्प्रिंग अडवून धरणारा आतला खटका नुसता कडेवर टेकतो. जरा धक्का लागला तरी निसटेल."

मास्तरला नाही ऐकायची सवय नाही. त्याने माझा पट्टी बांधलेला हात धरला, टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्ये, ठेवला आणि आवळायचा दांडा फिरवला. धाकटीच्या हातातला काटा खाली पडला.

"समोर हीच उभी राहणार आहे, मेहुणीबाई. चाप जड राहिला तर माझा हात हलणार, आणि हात हलला तर काय होतं ते या पट्टीखाली बघ. आता तूच ठरव. ताई तुझी आहे."

त्याने दांडा आणखी फिरवला. जखम उसवली. मी किंचाळले, आणि मला त्या किंचाळण्याची अजून लाज वाटते, कारण त्याला तेच हवं होतं.

"करते!" धाकटी ओरडली. "सोडा तिला. करते म्हटलं ना!"

तो सिगरेट ओढायला बाहेर गेला. धाकटीने व्हाइस ढिला केला आणि माझा हात स्वतःच्या पोटाशी धरला. "ताई, घरी जाऊ नकोस. राहा माझ्याकडे."

मागे एकदा राहिले होते. मास्तर तिच्या अंगणात उभा राहिला आणि खिडकीची एकेक काच फोडत माझं नाव घेत होता. काचा संपल्यावर त्याने धाकटीच्या कुत्रीच्या डोळ्यात छर्रा मारला. मग मी काचांवरून चालत बाहेर आले. आता पुढच्या वेळी कुणाचा डोळा जाईल, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं.

धाकटीने रायफल उघडली आणि कामाला लागली. तिला साधा राग आला तर ती भांडी आपटते. खरा संताप आला की एकदम गप्प होते आणि फार नीटनेटकं काम करते. त्या दिवशी तिने स्क्रू इतक्या शांतपणे फिरवले की मला भीती वाटायला हवी होती. पण माझं लक्ष माझ्या हाताकडे होतं.

कार्यक्रम त्याच दुपारी होता. हॉल भरला होता. क्लबाचे अध्यक्ष भाषण करून घामाघूम झाले होते. मागच्या रांगेत धाकटी बसली होती. मी चकित झाले, कारण ती हा तमाशा बघायला आजवर कधीच आली नव्हती. सख्ख्या बहिणीला निशाणा झालेलं कोण बघेल?

ती कधी आली नव्हती, म्हणूनच तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. सरावात मास्तर रायफल स्वतः भरतो, पण कार्यक्रमात बायकोने भरून द्यायची, असा त्याचा थाट आहे. "ज्या हाताने भरते, त्याच हातात खडू धरते!" असं तो म्हणतो, आणि लोक हसतात.

त्याने रायफल माझ्या हातात दिली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटी उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

छर्रा भरायला मी नळी धरून बिजागरीवर खाली वाकवली. आतली स्प्रिंग ताणली गेली, खटका बसला, आणि पुढच्या क्षणाला निसटला. नळी वर उसळली. पण माझा हात तिच्यावरच होता. ताणलेली नळी छर्रा भरून होईपर्यंत सोडायची नाही, हे बाबांनी आम्हाला दटावून दटावून शिकवलं होतं. सोडली आणि खटका निसटला, तर ती सापळ्यासारखी मिटते आणि मध्ये सापडलेलं बोट चेचते. माझा खांदा निखळल्यासारखा झाला, पट्टी रक्ताने भिजली, पण मी ती आवरली आणि सावकाश मिटवली. समोरच्यांना वाटलं, बाईचा जोर पुरत नाहीये.

धाकटी असं काम चुकून करणार नाही. मास्तर नळी सोडून, अंगठ्याने छर्रा दाबतो, हे तिने दुकानात शंभरदा पाहिलेलं होतं. नळी धरून ठेवणं नवशिक्यांचं काम, असं तो म्हणतो. तिने त्याच्या अंगठ्यासाठी सापळा लावला होता आणि त्यात मी हात घातला होता.

मी तिच्याकडे बघितलं. ती मान हलवत होती, नको, नको, खाली ठेव. खाली ठेवली असती तर मास्तरने रायफल तिथेच उघडून बघितली असती, आणि धाकटी दाराबाहेरही पोचली नसती. मला विचार करायला फार वेळ लागला नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

"मला नाही जमत आज," मी मोठ्याने म्हटलं. "हात दुखतोय. तुम्हीच भरा."

लोक हसले. मास्तरचे कान लाल झाले. "घरी बघतो तुला," तो दातांतल्या दातांत म्हणाला आणि रायफल हिसकावून घेतली. एका झटक्यात त्याने नळी वाकवली. खटका बसला. त्याने नळी सोडली, छर्रा ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

आवाज फार मोठा झाला नाही. दार जोरात लावल्यावर होतो तेवढाच. मग मास्तर ओरडला. रायफल खाली पडली. त्याचा अंगठा कातड्यावर लोंबत होता आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पर्स पायांवरून उचलून मांडीवर घेतली.

त्याने आधी हाताकडे बघितलं, मग रायफलीकडे, मग धाकटीकडे. माणूस नीच होता, पण बंदुकीच्या बाबतीत मूर्ख नव्हता. "तू!" असं ओरडून तो खुर्च्यांमधून तिच्याकडे धावला, आणि त्या सभ्य लोकांनी खुर्च्या सरकवून त्याला वाट करून दिली. डाव्या हाताने त्याने धाकटीचा गळा धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा. "अहो, अहो," अध्यक्ष म्हणाले, भाषणात कुणी मध्येच बोलल्यासारखे. धाकटीचे डोळे फिरले. तिच्या चपला जमिनीवर घासत होत्या.

मी रायफल नळीकडून उचलली आणि दस्ता त्याच्या मानेवर घातला. त्याची पकड सुटली आणि तो गुडघ्यांवर आला. मी पुन्हा मारलं. तो आडवा झाला. मी पुन्हा मारलं. दस्त्याला तडा गेला, तरी मी मारत राहिले. हात दुखत होता आणि मला ते दुखणं आवडत होतं. "ताई, पुरे," धाकटी घसा धरून म्हणत होती. "मरेल तो. ताई!" शेवटी तिनेच मला मागून मिठी घालून बाजूला ओढलं.

जबाब घेणारे पोलीस सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हाताची पट्टी बदलून दिली. मास्तर जगेल, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी सांगितलं. मग त्यातला वयस्कर पोलीस जरा पुढे झुकला.

"बाई, तुम्ही बहिणीला वाचवायला मारलंत, हे आम्हाला समजतं. पण तो पहिल्याच घावाला खाली आला, असं सगळेच सांगतात. नीट आठवून बोला. पुन्हा उठायला लागला होता का?"

तो माणूस मला वाट दाखवत होता. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पहिला घाव धाकटीसाठी होता. बाकीचे सगळे माझे. तसंच लिहून घ्या."