उलटी टोपी

मुलांनो, कल्पना करा. तुमच्या घरामागे एक अरुंद बोळ आहे. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला उभा केलेला पत्र्याचा डबा. हा डबा म्हणजे यष्ट्या. डब्यापुढे तुमचे बाबा लाकडी फळी घेऊन उभे आहेत, डब्यामागे तुमची ताई गुडघे वाकवून बसली आहे, आणि टाकीजवळून चेंडू टाकणार आहात तुम्ही. तुमचा चेंडू इतका सावकाश जातो की वाटेत एखादी मांजर आडवी जाऊन परतही येईल. म्हणून ताईनं तुमचं नाव ठेवलंय गोगलगाय. तुमचा चेंडू बरा पडला की ती डब्यामागून म्हणते, "शाब्बास, माझी गोगलगाय." हे तीन शब्द ऐकायला तुम्ही जेवण सोडून याल.

आलं डोळ्यांसमोर? मग आता तुम्ही बाजूला व्हा आणि तिथे एका दहा वर्षांच्या मुलीला उभं करा. घरात तिला सगळे छोटी म्हणत.

बाबा घड्याळं दुरुस्त करत, पण फळी फिरवताना त्यांची वेळ नेहमी चुकायची. म्हणून ते लबाडी करत. ताई छोटीला खुणा करायची: हात गुडघ्याला लावला तर चेंडू सरळ टाकायचा, कोपराला लावला तर वळवायचा. बाबा हळूच मागे वळून ती खूण बघून घेत. छोटीच्या ते लक्षात आलं की ती डोक्यावरची टोपी उलटी फिरवायची. उलटी टोपी म्हणजे, खुणा फुटल्या, आता सगळं उलट. मग गुडघा म्हणजे वळणारा आणि कोपर म्हणजे सरळ. बाबा फळी भलतीकडेच घालायचे आणि मग डब्यालाच दोष द्यायचे.

ताई मोठी झाली आणि खूप छान खेळू लागली. एका कंपनीनं ससाणे नावाचा बायकांचा क्रिकेट संघ विकत घेतला होता. अशा संघात गावोगावच्या खेळाडू पैसे देऊन निवडून आणतात आणि दोन महिने एकत्र ठेवतात. ताई त्या संघात गेली, ती राखीव यष्टिरक्षक म्हणून. पुढे मुख्य यष्टिरक्षकाचं बोट मोडलं आणि ताईच्या हातात मोजे आले.

ताईच्या पहिल्या सामन्याला घरातले सगळे टीव्हीपुढे बसले होते. यष्ट्यांजवळ बारीक माइक असतो, त्यातून मैदानावरचं बोलणं ऐकू येतं. ससाण्यांची एक लुकडी फिरकीवाली गोलंदाजीला आली. तिनं एक चेंडू सुरेख वळवला, आणि टीव्हीतून ताईचा आवाज घरभर घुमला, "शाब्बास, माझी गोगलगाय."

आईबाबा हसले. छोटी उठून आत गेली.

त्या दिवसापासून छोटीला फिरकीवालीचं काहीच आवडेनासं झालं. तिची वेणी म्हणे उंदराच्या शेपटीसारखी. ती धावते म्हणे बदकासारखी. ताईचा फोन आला की अर्धा फोन फिरकीवालीवरच संपायचा. दोघी एकाच खोलीत राहतात, ती झोपेत बोलते, तिला आपल्या गुडघा-कोपराच्या खुणा शिकवल्या, एका दिवसात शिकली बघ. हे शेवटचं ऐकून छोटीनं फोन आईच्या हातात दिला. आईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की पोटात दुखतंय का. छोटी नाही म्हणाली. आई म्हणाली, "मला दिसतंय कुठं दुखतंय ते. त्यावर ओवा चालत नाही."

मोसमाच्या शेवटी ससाण्यांचा सामना छोटीच्याच शहरात होता, तुफान संघाशी. जिंकणारा संघ अंतिम सामन्याला जाणार होता. ताईसाठी त्यात आणखी एक काटा होता. मुख्य यष्टिरक्षकाचं बोट बरं झालं होतं. आज ताई चुकली तर मोजे परत तिच्याकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

खेळाडूंचा हात धरून मैदानात जायला काही मुलं निवडली होती, त्यात छोटी होती. आठवडाभर ती ताईचा हात धरून चालण्याची तालीम बाबांच्या हातावर करत होती. पण तिथल्या शिट्टीवाल्या बाईंनी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं. छोटी तुफानच्या रांगेत गेली. तिनं सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या की सगळ्यांच्या तायांचा हिशेब ठेवत बसले तर सामना उद्या सुरू होईल.

तेव्हा समोरच्या रांगेत तिला ताई दिसली. ताई फिरकीवालीची कॉलर नीट करत होती. काहीतरी बोलून दोघी खुदकन हसल्या. छोटीकडे बघून ताईनं हात हलवला, पण दुसरा हात फिरकीवालीच्या खांद्यावरच होता.

तुफानच्या कप्तानानं छोटीचा हात धरला होता. ती मायाळू बाई होती. खाली वाकून म्हणाली, "तोंड का गं असं? माझा हात खरखरीत लागतोय का?"

छोटीला बरंच काही सांगायचं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच. "त्यांची यष्टिरक्षक गुडघ्याला हात लावते ना, तेव्हा चेंडू सरळ येतो. कोपराला लावला की वळतो."

कप्तानानं समोरच्या रांगेकडे एकदा पाहिलं. "अस्सं," एवढंच म्हणाली. मग सगळ्या मैदानात गेल्या.

ससाण्यांनी आधी फलंदाजी केली आणि बऱ्या धावा काढल्या. मग तुफानच्या फलंदाज आल्या. घरच्या माणसांच्या खुर्च्या सीमारेषेलगत होत्या. प्रत्येक षटक संपलं की ताई एकदा तिकडे बघायची. ती बघू लागली की छोटी बुटाची नाडी बांधायला वाकायची.

फिरकीवाली आली. तुफानची कप्तान तेव्हा तिच्याच टोकाला उभी होती. तिथून यष्टिरक्षक समोर दिसतो. ताईचा हात गुडघ्याला गेला. कप्तानानं बॅट उजव्या हातात घेतली. पलीकडच्या फलंदाजानं ते पाहिलं, ती पुढे सरसावली आणि चेंडू छोटीच्या डोक्यावरून खुर्च्यांत गेला. पुढे ताईचा हात कोपराला, कप्तानाची बॅट डाव्या हातात, या वेळी चौकार. बाबा पुटपुटले की चेंडू सुटायच्या आधीच यांना कळतंय जणू. छोटीला आत गार गार वाटलं. फिरकीवालीची वेणीसुद्धा पडलेली दिसत होती.

पण ताई धावत तिच्याकडे गेली आणि पाठीवरून हात फिरवून आली. छोटीचा गारवा तिथेच संपला.

फिरकीवालीच्या पुढच्या षटकातही तेच झालं. ससाण्यांची कप्तान आली, पण फिरकीवालीशी काही बोलली नाही. ती बोलली ताईशी, बोट दाखवून. खुणा ताईच्या होत्या. मोठ्या पडद्यावर ताईचा चेहरा आला. छोटीनं तो एकदाच पाहिला होता, बोळात ताईच्या हातून चेंडू निसटून छोटीच्या दातावर लागला होता तेव्हा. सगळी चूक माझीच, असा तो चेहरा होता.

मग ताईचा हात गुडघ्याकडे निघाला, थांबला, कोपराकडे गेला, पुन्हा थांबला. चेंडू आला, फलंदाज चुकली, आणि सोपा चेंडू ताईच्या मोज्यांखालून सीमेपार गेला. छोटीच्या पुढच्या ओळीत मुख्य यष्टिरक्षक बसली होती. तिनं आपलं बरं झालेलं बोट एकदा वाकवून पाहिलं.

छोटीनं डोक्यावरच्या टोपीला हात घातला आणि तसाच ठेवला. टोपी फिरवली तर ताईला कळणार होतं की खुणा फुटल्या. सामना संपल्यावर ताई विचारणारच होती, कुणी फोडल्या. रांगेत तुफानच्या कप्तानाचा हात कुणाच्या हातात होता, हेही तिनं पाहिलं होतं. आणि बोळातल्या सगळ्या गोष्टी फिरकीवालीकडे गेल्या होत्या, ही एक सोडून. टोपीचं ताईनं तिला सांगितलं नव्हतं. टोपी फिरवली की मात्र ते सांगावंच लागणार. मग फिरकीवालीच्या शेवटच्या षटकात फलंदाज फसेल, आणि शाब्बास कुणाला मिळेल, तेही छोटीला माहीत होतं.

षटक संपलं. या वेळी ताई खुर्च्यांकडे बघत नव्हती. मान खाली घालून चालली होती.

छोटी खुर्चीवर चढली. मागचे काका खाली बस म्हणाले, आईनं फ्रॉक ओढला. छोटीनं टोपी काढली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली, उलटी करून डोक्यावर घट्ट बसवली, आणि ताईनं वर पाहीपर्यंत ती खाली बसली नाही.