डाव्या बाजूचा पाहुणा

टाके घालणाऱ्यांनो, गुन्हेगार तुम्ही आहात. फुटलेलं डोकं शिवलंत, 'घरी न्या, आराम करू द्या' म्हणालात आणि पुढच्या पेशंटकडे वळलात. त्या घरात नंतर काय झालं, ते ऐका.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीला माणसं लटकलेली. मधोमध खुर्चीत न्हावी, शिडीवरून पडून डोकं फोडून घेतलेला. अख्ख्या गल्लीची दाढी करणारा हा माणूस घरी आल्यापासून स्वतःची फक्त उजवीकडची दाढी करायचा. डाव्या गालावर जंगल. ताटातलंही उजवीकडचंच संपवायचा. एकदा बायकोला हळूच म्हणाला, "माझ्या शेजारी हा कुणाचा हात ठेवलास? गार आहे. घेऊन जा ना."

हात त्याचाच होता. तेव्हापासून तिला त्या खोलीत एकटीनं जाववत नव्हतं.

म्हणून सासूनं फुंकरबाबाला आणलं.

"उजवं अंग तुमच्या पोराचं, डावं आत शिरलेल्या पाहुण्याचं!" बाबा गरजला. "बघा आता." डावीकडून दबकत येऊन त्यानं न्हाव्याच्या डाव्या गालाजवळ सोटा नाचवला. न्हावी ढिम्म. मग बाबानं टुणकन उजवीकडे उडी मारली. न्हावी किंचाळलाच.

"पाहुणा दबून बसलाय, मला भ्याला! पाहुण्याला शेवटचं जेवू घाला. मग डोक्यात तीन सोटे, की स्वारी पसार."

"अहो, टाके ओले आहेत अजून," बायको म्हणाली.

"सूनबाई, नवरा हवा की टाके?"

गर्दी हसली. सासूनं डोळ्यांना पदर लावला. "सकाळपासून शेजारी बसलेय, पोरगं ओळखसुद्धा देत नाही. मारू दे त्यांना."

ताट आलं. न्हाव्यानं उजवी बाजू चाटूनपुसून संपवली. "अर्धं पाहुण्याचं!" बाबा ओरडला. बायकोनं घाईघाईनं ताट उचललं, ते निसटता निसटता फिरलं आणि पुन्हा त्याच्या मांडीवर टेकलं.

"अगं, एवढं होतं तर मघाशी का नाही वाढलंस?" न्हावी म्हणाला आणि उरलेलं खाऊ लागला.

बायको ताटाकडे बघत राहिली. मग तिनं खुर्ची धरली आणि नवऱ्यासकट गर्रकन फिरवली.

"आई?" न्हावी चमकला. "तू कधी आलीस?"

सासूला हुंदका आवरेना. सोटा उगारलेला बाबा आता न्हाव्याच्या डाव्या बाजूला गेला होता.

"आणि बाबा कुठायत हो?" बायकोनं विचारलं.

"तो होय? गेला वाटतं. बरं झालं, फार ओरडत होता."

खिडकीतली माणसं खो खो हसली. बाबानं सोटा काखेत मारून काढता पाय घेतला.

बायकोनं दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, "अहो, मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की होतं असं. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही आहे याचं भानच राहत नाही. सांगितलं नाही का कुणी?"

बाबाची विद्या एवढीच होती: कुठे उभं राहायचं. लोकहो, फुंकर मारून घेण्याआधी एकदा ताट फिरवून बघा.

न्हाव्याला तो हात अजून परकाच वाटतो. बायको रोज तो त्याच्या उजव्या हातात ठेवते, म्हणते, "तुमचाच आहे." तो मान डोलावतो. तिला बरं वाटावं म्हणून.

आणि टाके घालणाऱ्यांनो, तुम्हाला ठाऊक होतं. चार वाक्यांचं काम होतं. त्या डोक्यात सोटा बसला असता, तर मारणारा कोण ठरला असता? बोला.