खळीवाली

डिझाइन कॉलेजच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं, त्या दिवशी मॅडम सगळ्यांच्या आधी यायच्या आणि आल्या आल्या संशय घ्यायला सुरुवात करायच्या. अमक्या गाडीचा रंग मूळचा वाटत नाही. तमक्यानं आरसे दुसऱ्याच गाडीचे काढून बसवलेत. चहावाला तीच पावडर पुन्हा उकळतोय. गाड्यांचे मालक तेल गळायला खाली ट्रे सरकवून बॉनेट पुसत बसलेले असत. मॅडम जवळून गेल्या की त्यांचं फडकं उगीचच जोरात फिरायला लागे. आपण संशयी नाही, फक्त डोळे उघडे ठेवतो, असं मॅडमचं म्हणणं होतं. बाकी कुणाचं तसं म्हणणं नव्हतं.

मॅडम वाहन विभागात क्ले शिकवायच्या. क्ले म्हणजे भट्टीत गरम करून सांगाड्यावर थापायची तपकिरी माती. गरम असेतो लोण्यासारखी मऊ, एकदा गार झाली की टणक. गाडी पत्र्यात उतरते त्याच्या आधी ती या मातीत घडते, आणि मातीत जे होतं ते पत्रेवाले डोळे मिटून पत्र्यात उतरवतात. माल बरोबर असो की चूक, ते त्यांनी विचारायचं नसतं.

यंदाचा संशय मात्र रोजच्यातला नव्हता. तो चांगला मुरलेला होता, आणि आज माइक हातात आला की सगळ्यांसमोर तो बोलून टाकायचा, असं मॅडमनी ठरवलं होतं. वडिलांना त्याचसाठी आग्रह करकरून आणलं होतं. इतक्या वर्षांत ते या प्रदर्शनाला एकदाही आले नव्हते. दर वर्षी नेमका त्याच दिवशी त्यांचा गुडघा दुखायचा.

संशय होता खळीवालीबद्दल. ही दोन दारांची छोटी गाडी मॅडमच्या लहानपणी याच कॉलेजात घडली होती आणि आता कॉलेजची शान होती. दारामागे, मागच्या चाकाच्या जरा वर, तिच्या पत्र्याला दोन्ही बाजूंना एक उथळ खळी होती. पुढच्या दिव्यापासून निघालेली लांब रेघ धावत यायची आणि त्या खळीत जराशी टेकून पुढे जायची. ऊन पडलं की गाडी हसल्यासारखी दिसे. बघायला येणारा प्रत्येक माणूस तिथून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसे. मॅडम दर वर्षी पहिल्या वर्गाला त्या खळीवर अख्खा तास घ्यायच्या. रेघ कुठे थांबवावी हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं, असं सांगायच्या, आणि हे ज्याला कळलं ते आपले थोरले सर, हे सांगताना त्यांचे दात आवळले जायचे.

थोरले सर म्हणजे विभागाचे पहिले प्रमुख. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी कॉलेज अजून त्यांच्याच नावावर चाललं होतं. आज तर मोठ्या स्टुडिओला त्यांचं नाव द्यायचं होतं. दारावर पाटी बसली होती आणि तिच्यावर पडदा होता.

मॅडमचे वडील आणि सर एके काळी जिवाभावाचे मित्र, दोघंही इथे शिकवायचे. एका कंपनीनं कॉलेजकडे गाडीचं रूप मागितलं तेव्हा दोघांनी एकेक घडवायचं ठरलं. तेव्हाची पद्धत अशी, की माती आणि मेहनत वाचावी म्हणून अर्धीच गाडी घडवायची, उभी चिरल्यासारखी, आणि ती भिंतीएवढ्या आरशाला लावून ठेवायची. उरलेली अर्धी आरसा दाखवतो. एकाच खोलीत, समोरासमोरच्या भिंतींना दोन आरसे आणि दोन अर्ध्या गाड्या. कंपनीचे लोक येईपर्यंत एकमेकांच्या अर्ध्या गाडीकडे वळून काय, आरशातूनही बघायचं नाही, हा दोघांमधला करार. पाठीला पाठ लावून काम करायचे दोघं.

ती खोली ही मॅडमची सगळ्यांत जुनी आठवण होती. एक मातीची अर्धी गाडी, आरशात तिचा दुसरा अर्धा भाग, आणि त्या पलीकडच्या गाडीत कोण बसलंय ते बघायची जिवापाड हौस. घरी गेल्यावर फ्रॉकवरच्या तपकिरी डागापायी मावशीची बोलणी खाल्ली होती तेही त्यांना आठवत होतं. ही गंमत त्या वर्गात रंगवून सांगायच्या.

शेवटी कंपनीनं सरांची गाडी निवडली, ती याच खळीसाठी. त्यानंतर वडिलांनी कॉलेज सोडलं, मातीचं काम सोडलं, आणि खुर्च्या बनवण्याचा छोटा कारखाना काढला. सरांचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. कुणी काढलंच तर वडील उठून अंगणात जायचे.

आता संशयाला आधार काय, तर खुर्ची. वडिलांच्या प्रत्येक खुर्चीच्या हाताला, अंगठा टेकतो तिथे, तीच खळी. तोच उतार, तीच खोली. मॅडमनी एकदा गाडीवरून साचा घेऊन खुर्चीवर धरून पाहिला होता. रेसभरही फरक नव्हता. माणूस आपली सही विसरत नाही, मॅडमच्या मते ही बाबांची सही होती. दुसरा आधार सरांच्या वागण्यातला. दर वर्षी सर खळीवालीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत, पण ज्या खळीला सगळं जग हात लावायचं तिला सरांनी कधी बोटही लावलं नव्हतं. चोराला चोरीचा माल बाहेर काढायची भीती वाटते, तसंच हे, असं मॅडमनी मनाशी पक्कं केलं होतं.

वडिलांना मांडवात बसवून त्या स्टुडिओत गेल्या. सर झाकलेल्या पाटीजवळ एकटेच बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. आडवळणानं विचारणं मॅडमना कधी जमलंच नाही.

"सर, ती खळी तुमची नाही ना?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही," ते म्हणाले.

सर चिडतील, हसण्यावारी नेतील, छातीला हात लावतील, या सगळ्याची तयारी मॅडमनी केली होती. सरळ 'नाही' म्हणतील याची केली नव्हती.

"बाबांची आहे."

"हो. तुझ्या बापानंच केली. पण कशासाठी केली ते ऐकलंस तर माइक हातात घ्यायची नाहीस तू."

मग सरांनी जे सांगितलं त्यानं मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. कंपनीचे लोक सकाळी यायचे होते. आदल्या संध्याकाळी सरांनी मागच्या बाजूला मातीचा शेवटचा गरम थर चढवला, घोटून गुळगुळीत केला, आणि ते घरी गेले. खोलीत मागे राहिला तो मित्र. सकाळी येऊन बघतात तर ऐन रेघेवर खड्डा, आणि माती गार होऊन टणक झालेली. भट्टी पेटवायला वेळ नव्हता. कडा पात्यानं खरवडून जेमतेम सारख्या करेपर्यंत पाहुणे दारात आले. आणि पाहुणे त्या खड्ड्यावरच लट्टू झाले. सरांना ना रडता येईना ना हसता. मित्रावर आरोप करावा तर खळी आपली नव्हे हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून ते गप्प बसले, आणि मित्र कॉलेज सोडून गेला तेव्हा, मनाला टोचणी लागली असेल त्याच्या, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

"दर वर्षी ती खळी बघितली की वाटतं," सर म्हणाले, "माझ्या पाठीत वार झाला आणि लोक त्या व्रणाला सुंदर म्हणतात."

मॅडम बाहेर आल्या. इतकी वर्षं सरांवर रोखलेला संशय गर्रकन फिरला आणि थेट बाबांवर जाऊन बसला. बाबांचं ते प्रदर्शन टाळणं, सरांचं नाव निघताच अंगणात जाणं, सगळं आता उलट्या बाजूनं जुळायला लागलं. आपल्याच वडिलांकडे असं बघताना त्यांना स्वतःची लाज वाटली, तरी बघणं काही थांबेना.

वडील मांडवात नव्हते. ते खळीवालीपाशी उभे होते, आणि त्यांचा तळहात त्या खळीवरून सावकाश फिरत होता.

"बाबा, कंपनीचे लोक आले त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही त्या खोलीत काय करत होतात?"

वडिलांनी मान वर केली नाही. "काय करणार? माझ्या चाकाची कड घासत होतो, तिकडे पाठ करून. करार म्हणजे करार." हात तसाच फिरत राहिला. "सकाळी सगळ्यांबरोबर मीही ही पहिल्यांदाच बघितली. म्हटलं, सात जन्म मातीत घातले असते तरी आपल्याला हे सुचलं नसतं. त्याच दिवशी हात धुऊन टाकले. पुढे खुर्च्यांना हीच उचलली. चोरी म्हण हवं तर. पण असं सुंदर काही माझ्या हातून निदान लाकडात तरी व्हावं, असं वाटायचं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं असणं शक्य नव्हतं. मॅडमचा संशय पहिल्यांदाच टेकायला जागा शोधत अधांतरी राहिला.

"मग अजून कोण होतं खोलीत?"

"कोण असणार? तू होतीस की. तुझ्या भावाच्या वेळेला आई दवाखान्यात होती, मावशी दिवसभर तिच्यापाशी, तुला कुणाकडे ठेवू? हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं, तू गुणाची, एका कोपऱ्यात बसलीस."

मॅडमनी खळीकडे बघितलं. ती जमिनीपासून किती उंचीवर आहे ते बघितलं. आणि मग ती जुनी आठवण, दर वर्षी वर्गात रंगवून सांगितलेली, त्यांच्या अंगावर आली. आरशातल्या गाडीत कोण बसलंय ते बघायला पाच वर्षांची मुलगी त्या अर्ध्या गाडीवर चढू पाहते. हात लावायचा नाही म्हणून हात पाठीमागे धरते. एक गुडघा टेकते. माती ऊबदार आहे, गुडघा खाली खाली जातो, तशी घाबरून मागे होते आणि गुडघा फ्रॉकला पुसते. बाबा पाठमोरे आहेत. आरशात कुणीच नाही, फक्त तिचाच चेहरा.

तेवढ्यात प्राचार्यांनी माइकवरून हाक मारली. खळीवालीची ओळख दर वर्षी मॅडमच करून द्यायच्या. लोक जमले, सरांना पुढच्या खुर्चीत आणून बसवलं. वडील गाडीला टेकून उभेच राहिले. मॅडमना वाटलं, पळून जावं. पण वर्षभर घोकलेलं भाषण आता कुणाच्याच कामाचं नव्हतं आणि हातात माइक होता.

"या खळीबद्दल मी बरीच वर्षं शिकवत आलेय," त्या म्हणाल्या. "चुकीचं शिकवत आलेय. ही सरांनी केली नाही. माझ्या बाबांनीही केली नाही. माती अजून गरम होती आणि मला आरशात बघायचं होतं. हा माझा गुडघा आहे."

लोक खो खो हसले. मॅडमना विनोद करता येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. टाळ्या पडल्या, प्राचार्यांनी त्या भरातच पाटीचा पडदा ओढला, आणि गर्दी स्टुडिओच्या दाराकडे वळली.

दोन म्हातारे तेवढे हसले नव्हते. सर खुर्चीतून उठले आणि काठी टेकत गाडीपर्यंत आले. मित्रासमोर उभे राहिले. आपलं नाव पाटीवर कसं दिसतं हे बघायला त्यांनी मान वळवली नाही.

"मला वाटलं, तुझी कल्पना," वडील म्हणाले.

"मला वाटलं, तुझा डाव," सर म्हणाले.

सरांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात खळीवर ठेवला. वडिलांचा हात तिथेच होता, तो त्यांनी जरा सरकवून जागा करून दिली. मग ते लेकीकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण गेलेली सगळी वर्षं होती.

"तेव्हाच का नाही बोललीस, बाळा?"

मॅडमना अजूनही गुडघ्याला ती ऊब जाणवत होती.

"कुणी विचारलंच नाही, बाबा."