बाबा अंतर बघायला गेले

लेकीने लग्नाचं सांगितलं तेव्हा बाबांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही की पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "राहतो कुठे?"

तिने शहराचं नाव सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"सात हजार किलोमीटर! विमानाने नऊ तास! उद्या तुझं डोकं दुखलं तर?"

"तो डॉक्टर आहे, बाबा."

"जनावरांचा!"

बाबांचं चष्म्यांचं दुकान. पुढचे काही दिवस नंबर तपासायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना आधी नऊ तासांचं रडगाणं ऐकावं लागे, मग अक्षरं वाचायला मिळत. शेवटी आई वैतागली. ती नर्स, तिला चऱ्हाट लावलेलं खपत नसे.

"इथे बसून अंतर मोजू नका. जाऊन बघू. लांब वाटलं तर नाही म्हणा."

बाबा कंबर कसून निघाले. "डोळ्याला डोळा लागू देणार नाही. मिनिट न् मिनिट मोजणार."

विमानात बसल्याबरोबर आईने त्यांना मळमळीची गोळी दिली. विमान धावपट्टीवर येईपर्यंत बाबांची मान तिच्या खांद्यावर कलंडली होती. जेवण आलं, गेलं. खालचा समुद्र संपला, डोंगर लागले.

"बरे आहेत ना?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"उत्तम. अंतर मोजतायत."

चाकं टेकली तसे बाबा दचकून उठले. "अजून निघालं नाही?"

"पोचलो."

"हात्तिच्या!"

मुलगा घ्यायला आला होता. शर्टाला मांजराचे केस, चष्म्याची डावी काडी वाकडी. बाबांनी न विचारता चष्मा उतरवला, काडी सरळ करून पुन्हा त्याच्या नाकावर चढवला आणि म्हणाले, "तुमचं गाव तर हाकेच्या अंतरावर आहे हो!" त्याच्या घरी पोचायच्या आत त्यांनी होकार देऊन टाकला.

रात्री लेकीचा फोन आला. "आई, बाबा म्हणतात, गोळी घेतली आणि पोचलोच. कसली गोळी दिलीस?"

"मळमळीचीच. झोप येते असं पाकिटावर छापलंय. चष्मे विकणाऱ्याने वाचायला नको?"

परतताना बाबांनी गोळी घेतली नाही. एवढ्याशा प्रवासाला कशाला? नेमका वारा समोरून, त्यामुळे नऊचे साडेदहा तास झाले. बाबा टक्क जागे. समोरच्या पडद्यावरचं इवलंसं विमान समुद्रावरून हलेचना.

"अगं, हे फार लांब आहे."

"आहेच."

"तुला माहीत होतं?"

"मी जागी होते ना."

बाबांनी समोरचा पडदा बंद केला. मग हळूच म्हणाले, "पोरगा मात्र चांगला आहे."

"आहेच."

घरी दार लेकीने उघडलं. "कसा झाला प्रवास? फार लांब वाटलं का?"

"छे! बसलो आणि उतरलो," बाबा म्हणाले. आई बॅगा घेऊन आत गेली.

पाय इतके सुजले होते की बाबांचे बूट निघेनात. शेवटी लेक त्यांच्यासमोर फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांनी बूट ओढू लागली.