मिनर्वाची कड

देवीची बाजू

"फुटलं तर?" फोस्काबाईंनी विचारलं.

"फुटणार नाही," ओताव्हिओ म्हणाले आणि त्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

रोमन नाणं, चांदीचं. भाला घेतलेली मिनर्वा. इतक्या शतकांत चांदी बिस्किटासारखी ठिसूळ होते. आमच्या सोनारकामात अशा नाण्याला भोक पाडत नाहीत, डाख लावून जोडतही नाहीत. सोन्याचं कोंदण करायचं आणि त्याची कड हळूहळू नाण्यावर दाबत आणायची. उद्या काढावंसं वाटलं, तर देवी आली तशी बाहेर पडली पाहिजे.

नाणं बाईंच्या आईचं. रविवारी लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात हवं होतं.

"तुमच्याच हातचं हवं. हिच्या नको." बाईंनी माझ्याकडे हनुवटी उडवली. "माझी ही मर्क्युरी देव कोरलेली अंगठी बघा. असा हात अख्ख्या रोममध्ये नाही."

राजाची बाजू

नाण्याच्या मागच्या बाजूला सम्राट, झिजलेल्या नाकाचा. ओताव्हिओ त्याच्याकडे बघत राहिले.

त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून मी मागच्या खोलीत बसून काम करते, ते पुढे गिऱ्हाइकाला देतात. दुकान त्यांच्या नावावर चालतं. आजही नाणं नुसतं आत पाठवलं असतं, तरी भागलं असतं.

"बाई, ती अंगठी ह्या झेलिंदानं केलीय."

"थट्टा करताय."

त्यांनी हात वर काढून टेबलावर ठेवला. तो काही थांबेना.

"ह्याच्यात देता आईची वस्तू? तिला द्या. नाहीतर परत न्या."

बाईंनी अंगठी काढली, उजेडात फिरवली, पुन्हा घातली.

"म्हणजे नाताळची वाइन मी भलत्यालाच पाठवत होते."

"प्यायलो मात्र मीच," ओताव्हिओ म्हणाले.

बाईंनी नाणं माझ्यापुढे सरकवलं.

कड

त्यांनी मला खिडकीजवळच्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं, बाईंच्या डोळ्यांदेखत. मी नाणं तयार कोंदणात ठेवलं. भाल्यापाशी केसासारखी चीर होती.

"श्वास सोड, मग दाब."

"उस्ताद, जरा गप्प बसा."

ते गप्प बसले. सोनं वळत गेलं. चीर होती तेवढीच राहिली. बाईंनी पदक तळहातावर घेतलं. मग जाताना विचारलं, "तुला लाल आवडते की पांढरी?"

त्या गेल्यावर ओताव्हिओ कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेले. कॉफी आणायचं काम एरवी माझं. ते ट्रे घेऊन आले तेव्हा कप अर्धे होते आणि बश्या भरलेल्या.

"निवायच्या आत घे," ते म्हणाले.

मी बशीतली कॉफी कपात ओतली. कप जवळजवळ भरला.