आबांची मूठ

अभिमन पाटलांना लकवा मारला तो उजव्या बाजूला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. डोकं शाबूत होतं, पण घरात ते कुणी मानलंच नाही.

धुळ्याच्या दवाखान्यातून सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या मिसबाह मॅडमनी विचारलं, "आबा, हातानं काय करायला आवडायचं?"

"भ...रीत."

हिवाळ्यात मळ्यात भरिताची पंगत असली की वांगी ठेचायला आबांनाच बोलावणं यायचं. मॅडम त्यांच्या मुलाला, योगराजला म्हणाल्या, "मग हेच औषध. मुसळी उजव्या हातात द्या, डाव्यानं वरून धरू द्या. जेवणही स्वतःच्या हातानं. सांडलं तर सांडू द्या. तुम्ही भरवत बसलात तर हात जाईल."

जळगावला, पिंप्राळ्याच्या घरी, सून दिपमालानं दारापुढच्या ओट्यावर वांगी ठेचायची लाकडी काठवट मांडली. मुसळी निसटायची, वांगं अंगावर उडायचं, आबा शिव्या घालायचे. शिव्या मात्र स्पष्ट निघायच्या. हळूहळू बोटं मुसळीला धरून राहू लागली.

मग चोपड्याहून आबांचे चुलतभाऊ कौतिकनाना भेटायला आले.

"काय रे योगराज, बापले कामले लाई दिधं का? सून काय मेंदी लाईसन बठेल शे?"

"नाना, तो व्यायाम आहे."

"व्यायाम! आते बठ्ठा गावले सांगस मी, अभिमन भाऊ पोऱ्याघर वांगा कुटस!"

ओट्यावरचे सगळे हसले. योगराज हसला नाही. त्याच दिवशी काठवट माळ्यावर गेली. दिपमाला बोलायला गेली, तर "तुला काम टाळायचंय" म्हणून त्यानं तिला गप्प केलं.

मग सेवा सुरू झाली. आबांची बायको ताईबाई घास भरवायची. आबांनी तोंड मिटलं की घरचे म्हणायचे, हट्टी झालेत. माळ्याकडे बोट करून ते "मु...सळी" म्हणाले, की योगराज पाय चेपायला घ्यायचा. "आराम करा, आबा." भेटायला येणारे सांगून जायचे, पोरगा असावा तर असा. माणूस संपवायला आपल्याकडे विष लागत नाही, एवढं कौतुक पुरतं.

उन्हाळ्यात आबांच्या आवळून बसलेल्या उजव्या मुठीला वास यायला लागला, तेव्हा परत धुळ्याला नेलं. मॅडम एकेक बोट उघडत होत्या आणि आबा ओरडत होते. नखं तळहातात रुतली होती. आत पू झाला होता.

"मुसळी कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, आम्ही आबांना काडीसुद्धा उचलू दिली नाही." योगराजची मान ताठ होती.

"ते दिसतंय." त्यांनी हात पुसले. "आता ही मूठ धुण्यापुरती उघडेल. घास धरणारा हात गेला."

आबांनी ऐकलं. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर ताईबाईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, घास पुढं केला. आबांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. मग तोच हात ताटात घातला.

"आबा! डाव्या हातानं?" योगराज ओरडला. दार उघडं होतं, गल्लीत माणसं उभी होती. "आई, ताट काढ. लोक बघताहेत."

आबांनी शिवी हासडली. स्पष्ट.

ताईबाईनं पट्टीत गुंडाळलेली मूठ पाहिली. ताट उचललं आणि आबांच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवलं.

योगराज बाहेर निघून गेला. आबा जेवले. अर्धं अंगावर सांडलं. उजवी मूठ मांडीवर पडून होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.